पाणी आलं कुठून? रेल्वे यार्डाच्या प्रतिकृतीतल्या इमारतींविषयी

सोनईला रेल्वे नाही, आणि आजचं व्याख्यान आहे रेल्वेच्या छोट्या प्रतिकृतींवर. विषय कळल्यावर इथल्याच एकानं आम्हाला विचारलं, "आमच्याकडं खरी गाडी येत नाही, आणि तुम्ही खोटी घेऊन आलात व्हय?" प्रश्न रास्त आहे. सोनईच्या माणसाला गाडी पकडायची तर वांबोरी किंवा राहुरी, नाहीतर नगर, नाहीतर श्रीरामपूर. श्रीरामपूरला उतरलं की फलाटावरच्या पाटीवर नाव दिसतं बेलापूर. म्हणजे ज्या गावाला स्टेशन आहे त्याचं नाव पाटीवर नाही. ते असो.

पण आम्हाला वाटतं, या विषयावर बोलायला सोनईइतकी योग्य जागा कमी असतील. कारण आज आम्ही गाड्यांविषयी बोलणारच नाही. बोलणार आहोत गाड्यांच्या शेजारी ज्या इमारती असतात त्यांच्याविषयी: मालधक्का, गोदाम, पाण्याची टाकी, पंपघर, केबिन, गँगमनची खोली. यार्ड म्हणजे नुसते रूळ नव्हेत. माल कुठून येतो, कोण उचलतो, कुठे ठेवतो आणि कसा जातो याची ती सगळी व्यवस्था आहे. आणि ज्या गावात मुळा कारखाना आहे, त्या गावाला माल येणं, मापणं, भरणं आणि रवाना होणं हे समजावून सांगावं लागत नाही. ऊस घेऊन आलेल्या गाड्यांची रांग काट्यापुढं कशी लागते हे तुम्ही आमच्यापेक्षा जास्त पाहिलंय.

आता मुद्द्यावर येतो. छोट्या इमारती करण्याची आपल्याकडे हौस नाही असं कुणी म्हणू नये. दिवाळीत घरोघरी किल्ले होतात. पोत्यावर माती थापायची, अळीव नाहीतर मोहरी पेरायची, चार दिवसांत हिरवळ येते. गणपतीत मंडळांचे हलते देखावे होतात. हात आपल्याकडे आहे, कल्पना आहे, एका रात्रीत पुठ्ठ्याचं देऊळ उभं करण्याची ताकद आहे. पण त्या दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज बसवलेले असतात ते दरवाजापेक्षा तिप्पट उंच. बुरुजावरचा मावळा शेजारच्या तोफेपेक्षा मोठा. आणि त्यात कुणालाच काही खटकत नाही, खटकू नये. कारण तो देखावा आहे. देखाव्यात जो मोठा माणूस तो मोठाच दिसला पाहिजे.

प्रतिकृतीचा धर्म वेगळा. तिथे माप पहिलं. आणि आमची तक्रार अशी आहे की आपल्याकडे रेल्वेची जी प्रतिकृती होते, तिच्यात गाडी प्रतिकृती असते आणि इमारती देखावा असतात. इंजिनाच्या चाकाच्या आऱ्या मोजून घेणारा माणूस शेजारच्या गोदामाला दार कुठल्या बाजूला आहे हे बघत नाही.

पुण्याचं उदाहरण घेऊ, कारण ते मोठं आहे आणि प्रेमानं बोलण्यासारखं आहे. कोथरूडला कर्वे रस्त्याजवळ जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर हा नाद जोपासला, आणि १ एप्रिल १९९८ ला ते लोकांसाठी खुलं झालं. तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. शाळेच्या सहलीत तरी. दिवे मंद होतात, गाड्या सुटतात, सिग्नल बदलतात, छोट्या शहरात दिवे लागतात. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा सोबतची पोरं गप्प झाली होती, आणि पोरं गप्प होणं ही फार मोठी दाद आहे. गाड्यांचं चालणं, सिग्नलची शिस्त, एकामागोमाग एक गोष्ट घडवून आणण्याची युक्ती, या सगळ्यात तिथे जी मेहनत आहे तिला आमचा नमस्कार आहे.

पण दुसऱ्यांदा गेलो तेव्हा आम्ही गाड्यांकडे पाठ केली आणि गाव बघितलं. ते गाव आपलं नव्हे. ते युरोपीय धाटणीचं, परक्या सुट्टीतलं गाव आहे. याला एक साधं कारण आहे. या छंदाला लागणारं तयार सामान मुळात तिकडचं. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट भागात १९४६ मध्ये सुरू झालेली फालर ही कंपनी घ्या. प्लास्टिकच्या भागांचं खोकं मिळतं, भाग तोडायचे, चिकटवायचे, घर तयार. सुबक असतं, खिडकीच्या चौकटीसुद्धा बारीक. पण ते घर तिकडच्या हवेसाठी बांधलेलं आहे. छप्पर तीव्र उताराचं, कारण तिकडे बर्फ. छपरावर धुराडं, कारण खाली शेकोटी. आम्ही आपल्याकडच्या हौशी लोकांची किती तरी मांडणी पाहिली. पाटीवर मराठीत स्टेशनचं नाव, फलाटावर नेहरू शर्टातला माणूस, आणि छपरावर धुराडं तसंच! नगरच्या उन्हाळ्यात तिकीट खिडकीमागे शेकोटी पेटवून बसलेला मास्तर आम्हाला दिसायला लागतो.

हे हसण्यावारी नेलं तरी त्यात एक गंभीर गोष्ट आहे. इमारत ही हवेला, पाण्याला, कामाला दिलेलं उत्तर असते. प्रश्न बदलला आणि उत्तर तेच ठेवलं, तर ती इमारत उरत नाही, शोभेची वस्तू होते.

थोडं माप सांगतो, कंटाळू नका. या छंदात जगभर सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण आहे १:८७, त्याला एचओ म्हणतात. त्याचा रूळ १६.५ मिलिमीटर रुंद. सत्याऐंशीनं गुणा, येतात १४३५ मिलिमीटर. ही तिकडच्या रुळांची रुंदी. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. म्हणजे आपल्या गाडीला १:८७ मध्ये सव्वाएकोणीस मिलिमीटरचा रूळ हवा, आणि बाजारात मिळतो साडेसोळाचा. आपली ब्रॉडगेज तयार रुळावर उभीच राहू शकत नाही. राहते ती अंग चोरून. गंमत म्हणजे आपल्या छोट्या गाड्यांचं उलट आहे. १८९७ ला सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे ७६२ मिलिमीटरची होती. तिला सत्याऐंशीनं भागलं तर पावणेनऊ मिलिमीटर येतात, आणि एन नावाच्या लहान प्रमाणाचा रूळ तयार मिळतो नऊ मिलिमीटरचा. जवळजवळ बरोबर! कुणाला खरोखर मापात आणि खरोखर आपलं करायचं असेल तर कुर्डुवाडीची बार्शी लाइन करणं हे दिल्लीची राजधानी करण्यापेक्षा सोपं आहे. पण करतात सगळे राजधानीच.

रुळाचं हे काही आपल्या हातात नाही, कुणी हातानं रूळ घालणारा भेटला तर गोष्ट वेगळी. इमारत मात्र पूर्ण आपल्या हातात आहे. तिला जर्मनीहून काही मागवावं लागत नाही. पुठ्ठा, माउंट बोर्ड, आइस्क्रीमच्या काड्या, फेव्हिकॉल, एम-सील, एक चांगलं कटर आणि स्टीलची पट्टी. म्हणून इमारतीत केलेली चूक ही परिस्थितीची नसते, बघण्याची असते.

आता आमच्याच चुकीकडे येतो, दुसऱ्यांच्या सांगून झाल्या.

आम्ही एक मालधक्का केला होता. दौंड–मनमाड मार्गावर शोभेल असा, काळ्या दगडाचा, वर पत्रा. दगडाचे थर पुठ्ठ्यावर बोथट टोकानं दाबून काढले. एक फुटाचा थर साडेतीन मिलिमीटर. आठ फुटी दारं, अठ्ठावीस मिलिमीटर. धक्क्याची उंची सुमारे एक मीटर, म्हणजे साडेअकरा मिलिमीटर. ताग वाटावा म्हणून एम-सीलवर मलमलीचा कपडा दाबून पोती केली, एकेक पोतं जेमतेम एक सेंटिमीटर. तीन महिने गेले. फोटो काढले, लोकांनी वाहवा केली. मग एका कार्यक्रमात ते मांडलं असताना एक म्हातारे गृहस्थ आले. आयुष्यभर हमाली केलेले. वाकून, डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "काम नामी आहे. पण पाऊस आला तर?"

आम्हाला कळेना. त्यांनी बोट ठेवलं. पत्रा भिंतीपाशी संपला होता. वाघिणीच्या दारापर्यंत छप्पर पुढे आलं नव्हतं. "पोतं दारातनं निघालं आणि डब्यात जाईस्तोवर उघड्यावर. साखर भिजली तर भरून कोण देणार, तुम्ही?"

मग त्यांचं बघणं सुरूच झालं. दारं आम्ही बिजागरीची केली होती, धक्क्यावर बाहेर उघडणारी. "ही उघडली की थप्पी कुठं लावायची?" मालाच्या गोदामाचं दार सरकतं असतं, वर रुळावर टांगलेलं, जागा खायला नको म्हणून. धक्क्याला आम्ही नुसत्या पायऱ्या दिल्या होत्या, उतार नव्हता. "हातगाडी पायऱ्या चढती का?" आणि शेवटचं म्हणजे, गोदामाची मागची बाजू आम्ही टेबलाच्या कडेला लावली होती. तिकडून कुणी बघणार नाही म्हणून ती भिंत कोरी सोडली. त्यांनी तिकडे जाऊन बघितलं. "मग ट्रक कुठं लागतो?"

मंडळी, हे टीकेचं सर्वोत्तम उदाहरण आम्ही आजवर ऐकलंय. कुठल्याही पुस्तकात नाही. त्यांनी एकदाही विचारलं नाही की दगड खरा वाटतो का, रंग बरोबर आहे का. त्यांनी पोतं उचललं आणि आमच्या इमारतीतून नेऊन बघितलं. चार ठिकाणी अडकलं. गोदाम ही दोन धक्क्यांमधली जागा असते: एका बाजूला वाघीण, दुसऱ्या बाजूला ट्रक, पूर्वी बैलगाडी. मधे भिंती आहेत त्या चोरीसाठी आणि पावसासाठी. आम्ही भिंती केल्या आणि गोदाम करायचं विसरलो.

साखरेचं पोतं पूर्वी शंभर किलोचं असायचं, आता पन्नास किलोचं. शंभर किलो पाठीवर असलेल्या माणसाला पायऱ्यांची उंची, उंबरठा, दाराची रुंदी, फळी कुठे टेकते हे सगळं पाठीला माहीत असतं. तेव्हापासून आमचा एक नेम झाला आहे. यार्डातली कुठलीही इमारत झाली की आधी तिच्यातून काम करून बघायचं. पेन्सिलीचं टोक हमाल समजायचं आणि चालवायचं.

याच बघण्यानं आता पाण्याकडे या, कारण नगर जिल्ह्यात पाण्याशिवाय बोलणं पुढे सरकत नाही. वाफेच्या इंजिनांच्या काळातलं यार्ड करायचं तर सगळ्यांना पाण्याची टाकी करायला आवडते. दिसते छान. उंच खांब, वर लोखंडी पत्र्यांची चौकोनी टाकी, बाजूला शिडी, सगळ्या सांध्यांवर रिवेट. लोक रिवेट मोजून करतात! रुळाशेजारी तो सोंडेसारखा फिरणारा नळ, ज्यातून इंजिनात पाणी भरायचं. झालं, यार्ड तयार.

पण पाणी आलं कुठून?

कोकणातल्या माणसाला हा प्रश्न कदाचित सुचणार नाही. आपल्याला पहिला हाच सुचला पाहिजे. १९५० पासून चित्तरंजनच्या कारखान्यात डब्ल्यूजी वर्गाची मालगाडीची इंजिनं तयार व्हायला लागली. त्या एका इंजिनाच्या टेंडरमध्ये वीस हजार लिटरहून जास्त पाणी मावायचं. दिवसाला अशी किती इंजिनं? हे पाणी नदीतून नाहीतर विहिरीतून उचलायचं. म्हणजे विहीर हवी. विहिरीवर पंपघर हवं, त्यात एके काळी वाफेचा पंप, म्हणजे त्यालाही कोळसा आणि धूर, आणि इथे मात्र धुराडं अगदी बरोबर! पंपघरापासून टाकीपर्यंत नळ. टाकी उंच का, तर पाणी आपल्या ओझ्यानं जोरात खाली यावं आणि इंजिन लवकर सुटावं म्हणून. नळाखाली सांडलेलं पाणी वाहून जायला मोरी. आणि त्या मोरीच्या तोंडाशी, सगळं रखरखीत असताना, हिरवं. चार अळूची पानं, एखादी केळ. गँगमनच्या बायकांनी तिथे घागरी लावल्या असणार, हे आम्ही कल्पनेनं सांगतो, पण दुष्काळी मुलखात वाहतं पाणी मोकळं राहिलं असेल यावर तुमचाही विश्वास बसणार नाही.

आता बघा, नुसत्या टाकीपासून निघालो आणि विहीर, पंपघर, नळ, मोरी, केळ, घागर असं सगळं एकमेकांना धरून आलं. टाकी एकटी होती तेव्हा शोभा होती. यातलं केळीचं झाड करायला वीस मिनिटं लागतात, रिवेटांना आठवडा. आम्ही रिवेटांच्या विरोधात नाही. पण हजार रिवेट आणि विहीर नाही, अशी टाकी आम्ही नापास करू. पुठ्ठ्याची ओबडधोबड टाकी आणि तिच्याबरोबर विहीर, तिला पास करू.

केबिनविषयी थोडक्यात. सगळे तिच्या वरच्या मजल्याच्या काचा छान करतात. खालच्या मजल्यातून सळ्या आणि तारा बाहेर पडायला जागा ठेवत नाहीत. वर माणूस खटका ओढतो, खालून सळी सरकते, दूर सांधा बदलतो. सळीला भिंतीतून वाट नसेल तर वरचा माणूस कशासाठी दमतोय? आणि काचा यार्डाकडे हव्यात. आम्ही एक केबिन पाहिली, तिची कोरी भिंत यार्डाकडे आणि खिडक्या पाहणाऱ्यांकडे, कारण आतली बाहुली दिसायला हवी होती! हा शुद्ध देखावा.

बाहेरच्या जगात या गोष्टीचा विचार झालाय का, तर झालाय, आणि तीन माणसांची नावं घ्यावीच लागतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे गावी जॉन अ‍ॅलन नावाचा माणूस होता. त्यानं घराच्या तळघरात एक सबंध डोंगराळ मुलूख उभा केला, गोरी अँड डिफिटेड नावाचा. तोवर छोट्या इमारती नव्या कोऱ्या दिसायच्या. अ‍ॅलननं त्यांना धूळ लावली, गंज लावला, फळ्या मोडल्या. १९७३ च्या जानेवारीत तो गेला आणि काही दिवसांत आग लागून ते सगळं जळालं. राहिले फोटो. जगभरच्या हौशी लोकांनी त्याची धूळ उचलली. आमच्या मते धूळच जास्त उचलली, नजर कमी. अ‍ॅलन मोठा कलावंत होता, पण त्याच्या मुलखात नाट्य फार. प्रत्येक कडा भयंकर, प्रत्येक पूल श्वास रोखायला लावणारा. त्याच्या यार्डात डबे ढकलायला एक डायनासोरसुद्धा होता, तेरा नंबरचं इंजिन म्हणून! त्या माणसाला आपण देखावा करतोय हे पक्कं माहीत होतं, म्हणून त्याला माफ आहे. त्याची नक्कल करणाऱ्यांना नाही.

दुसरा जॉन अहर्न, इंग्लंडचा. त्याची मॅडर व्हॅली ही कल्पनेतली दरी, पण तिच्यातल्या बऱ्याच इमारती खऱ्या गावांतल्या खऱ्या इमारती बघून केलेल्या. रेल्वे ही एका मुलखातून जाते, मुलूख रेल्वेभोवती मांडलेला नसतो, हे त्यानं फार लवकर दाखवून दिलं.

आणि तिसरा, ज्याच्यासाठी आम्ही हे सगळं सांगतोय, रॉय इंग्लंड. आडनाव इंग्लंड, माणूस ऑस्ट्रेलियाचा. १९२५ मध्ये तो इंग्लंडला आला आणि ऑक्सफर्डच्या बाजूच्या एका खोऱ्यातल्या जुन्या गवती छपरांच्या घरांच्या प्रेमात पडला. डोळ्यांदेखत ती घरं बदलत होती, पडत होती. त्यानं ठरवलं, जमतील तेवढी मोजायची आणि छोटी करून ठेवायची. चार मिलिमीटरला एक फूट. एकेका घराला महिनोन् महिने. १९५४ पासून लाँग विटनहॅम या खेड्यात पेंडन नावाचं संग्रहालय त्यातून उभं राहिलं. तिथलं काम त्याच्या मागेही चालू राहिलंय, आणि मघाची मॅडर व्हॅलीसुद्धा आता तिथेच नांदते. पेंडनमध्ये गेलेला माणूस गाडीची वाट बघत नाही, परसातली कोबी बघतो. परक्या माणसानं येऊन त्या गावांची मोजदाद केली, कारण गावकऱ्यांना आपली घरं रोजचीच वाटत होती.

हे ऐकताना आम्हाला दौंड–मनमाड आठवतो. १८७६–७७ च्या मोठ्या दुष्काळात या मार्गाच्या मातीकामावर दुष्काळानं पोळलेली माणसं कामाला होती, आणि १८७८ मध्ये मार्ग सुरू झाला. म्हणजे ज्या भरावावरून आपण नगर–श्रीरामपूर जातो तो भराव हीसुद्धा एक इमारतच आहे, आणि ती कुणी कशाच्या बदल्यात बांधली हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पुढे याच पट्ट्यात साखर आली. हरेगाव, टिळकनगर हे खासगी कारखाने. मग १९५० मध्ये प्रवरेचा सहकारी कारखाना, विठ्ठलराव विखे पाटलांचा. मग बाकीचे, तुमच्यापर्यंत. या मार्गावरचे मालधक्के या इतिहासाचे साक्षीदार आहेत. वाफेची इंजिनं ब्रॉडगेजवरून १९९५ ला गेली, तेव्हाच टाक्या आणि नळ बिनकामाचे झाले. वर विजेच्या तारा आल्या. खटक्यांच्या केबिनचं काम टेबलावरच्या बटणांकडे गेलं. आता मार्गाचं दुहेरीकरण टप्प्याटप्प्यानं होतंय. त्याला आमचा विरोध नाही. एकेरी मार्गावर क्रॉसिंगला तासभर ताटकळलेल्या माणसाकडून तशी अपेक्षाही करू नका. पण दुसरा रूळ यायचा म्हणजे जुनी भिंत आड येते, आणि आड आलेली भिंत जाते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला २००४ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. त्याचे नकाशे आहेत, पुस्तकं आहेत. आपल्या बाजूच्या पंपघराचा फोटोसुद्धा बहुधा कुणाच्या तरी लग्नाच्या वरातीमागे चुकून आलेला.

म्हणून आम्ही देखावा आणि प्रतिकृती हा भेद एवढा ताणून धरतो. मोजून केलेली छोटी इमारत ही मूळ गेल्यावर तिचा पुरावा होते. खोक्यातून आलेलं जर्मन घर कशाचाच पुरावा होत नाही.

इथे एक शंका घेतली जाते, आणि ती बरोबर आहे. सगळं मोजून करायचं तर जागा कुठे? आजची पूर्ण मालगाडी सहाशे ते सातशे मीटर. १:८७ मध्ये सात-आठ मीटर, आणि आमचं टेबल बारा फुटांचं. तेव्हा आखडावं लागतंच. आमचं म्हणणं, लांबीत आखडा, आकारात नको. धक्क्याला बारा दारं असतील तर चार करा. पण दार अठ्ठावीस मिलिमीटरचंच ठेवा, धक्का आणि वाघिणीची फळी एका पातळीत ठेवा, छप्पर पुढे आलंय तितकं येऊ द्या. दारं कमी केली तर गोदाम लहान होतं. दार लहान केलं तर हमाल वाकतो. कारखान्याच्या धुराड्याचं मात्र आम्हाला अजून नीट उमगलेलं नाही. पंचेचाळीस मीटरचं धुराडं मापात अर्धा मीटरहून उंच होतं आणि टेबलावरचं बाकी सगळं खुजं दिसतं. पण खरं सांगा, इथे तरी दुसरं काय होतं? लांबून गाव ओळखू येतं ते धुराड्यावरूनच. आम्ही ते पूर्ण उंचीचं ठेवावं या मताचे आहोत, आमच्यातले निम्मे नाहीत.

रंगाचंही असंच बघून करावं. काळ्या पावडरीचा हात सगळ्यावर सारखा फिरवला की जुनं दिसतं हा गैरसमज आहे. तुमच्याकडे गळिताच्या हंगामात दोरीवरच्या कपड्यांवर काजळी पडते. ती सगळ्या गल्लीत सारखी पडते का? वारा असतो तिकडे पडते. इंजिन जिथे थांबतं तिथल्या कमानीचा माथा काळा, बाजूची भिंत नाही. हमालाचा हात दाराला जिथे लागतो तिथे तेलकट चमक. पानाच्या पिचकाऱ्या कुठे माराव्यात हे मात्र शिकवायला नको.

सोनईचं काय? कुणी म्हणेल, इथे स्टेशनच नाही तर आम्ही मोजायचं काय. दोन गोष्टी आहेत. एक, राहुरी-वांबोरी-बेलापूर लांब नाही. स्टेशन मास्तरांना विचारून, परवानगी घेऊन जा. टेप लावू दिला नाही तरी चालतं. पाच फुटांची काठी भिंतीला टेकवून फोटो काढा, दगडाचे थर मोजा, एका थराची उंची हातानं बघून ठेवा, घरी येऊन हिशेब होतो. चारही बाजूंचे फोटो घ्या, मागची बाजू विसरू नका. आम्ही विसरलो होतो. दोन, अहर्नचा रस्ता आहे. सोनईला वांबोरीहून एक फाटा आला असता तर? कारखान्याच्या गोदामापाशी मालधक्का असता तर? करा खुशाल. कल्पना करायला हरकत नाही, फक्त त्यातून पोतं नेऊन बघा. आणि शेजारी शिंगणापूर दाखवायचं झालं तर सोप्पं आहे, घरांना दारं करायची मेहनतच वाचली!

आमचा तो मालधक्का आम्ही पाडला आणि पुन्हा केला. छप्पर पुढे आलंय, दारं सरकतात, मागे ट्रक लागतो. पलीकडच्या टोकाला टाकी आहे आणि तिच्यामागे आता विहीरही आहे, दगडी, पायऱ्यांची. तिच्यात पाणी दिसावं म्हणून आम्ही रेझिन ओतलं, ते काठापासून हातभर खाली राहिलं. दृश्य मे महिन्याचं आहे. परवा एक शेतकरी बघून म्हणाले, मे महिन्यात एवढं पाणी असतं तर आम्ही ऊस सोडून दुसरं काय लावलं असतं? तेव्हापासून ते रेझिन खरवडून काढायचं की दृश्याचा महिना बदलायचा, यावर आमच्यात वाद चालू आहे.

आता प्रश्न घेऊया. मागच्या रांगेतल्या त्या काकांचा हात मघापासून वर आहे.